अब्दुल – कोणाचा?

आमच्या थोरल्या चाचांचे नाव अब्दुर्रहमान. मोहल्ल्यात ते ‘अब्दुलभाई’ होते, नोकरीच्या ठिकाणी ‘शेखमामा’, आणि दादीच्या तोंडी शेवटपर्यंत नुसते ‘रहमान’. एका शाळेत त्यांनी तीस वर्षे शिपायाची नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले. चाळिसावा दिवस उलटला आणि चाचींनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून आमच्यासमोर ठेवली. तिच्यात चाचांचे सगळे कागद होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरायचा होता.

कागद पाहता पाहता आम्ही गप्प झालो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शेख अब्दुलरहिमान इब्राहीम’ असे होते. सेवापुस्तिकेत होते ‘अब्दुल रहमान शेख’, आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात ‘रहमान’. बँकेच्या पासबुकावर ‘रेहमान ए. शेख’. आमचे आजोबा इब्राहीम सेवापुस्तिकेतून साफ गायब झाले होते. कागदाप्रमाणे चाचा स्वतःच स्वतःचे वडील होऊन बसले होते!

कार्यालयातल्या बाबूंनी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “हे तीन वेगवेगळे इसम दिसतात.”

चाची बुरख्याचा पदर सावरत म्हणाल्या, “साहेब, माणूस एकच होता. त्याचे तीन आम्ही नाही केले.”

त्या तिघांना पुन्हा एक करायला आठ महिने लागले. प्रतिज्ञापत्र झाले, साक्षीदार झाले, शाळेचे पत्र झाले. त्या आठ महिन्यांत चाचींच्या घरात चूल कशी पेटली, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

यंदा चाचींना नातू झाला. सातव्या दिवशी अकीका ठरला. चाचींच्या मनात एकच नाव होते, आजोबांचे. सगळ्यांनी मान डोलावली. बाळाची आई, आमची भाभी, मात्र थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “नाव चांगलंच आहे, अम्मी. पण शाळेत मुलं काय म्हणतील? हल्ली ‘अब्दुल’ म्हटलं की लोक हसतात. मोबाईलवर बघा ना, नुसते विनोद. कधी पंक्चर काढणारा अब्दुल, कधी संशयित अब्दुल.”

तिच्यावर कोणी रागावले नाही. ती खोटे बोलत नव्हती. ते विनोद आम्हीही पाहिले होते आणि काही न बोलता बोटाने पुढे सरकवले होते. एक नाव, त्याने आमच्या घराला दोनदा अडचणीत आणले. एकदा कागदावर, एकदा मनात. म्हणून या नावाकडे एकदा नीट पाहावे असे आम्हाला वाटले. जे हाती आले ते वाचक भावाबहिणींसमोर ठेवत आहोत. कारण अब्दुल नाही असा मोहल्ला आपल्याकडे क्वचितच असेल.

अर्धवट वाक्य

पहिली गोष्ट ही की ‘अब्दुल’ हे नावच नाही. ते अर्धे नाव आहे.

अरबी भाषेत ‘अब्द’ म्हणजे बंदा, दास, सेवक. आपण रोज उच्चारतो तो ‘इबादत’ हा शब्द याच मुळापासून आला आहे. ‘अब्द’ला जोडून येणारा ‘उ’ हा विभक्तीचा प्रत्यय, आणि ‘ल’ हा पुढच्या शब्दाच्या आधी लागणाऱ्या ‘अल’चा उरलेला भाग. अब्दु + अल + करीम मिळून अब्दुल करीम, म्हणजे करीमचा, त्या परम उदार मालकाचा, बंदा. मराठीत आपण ‘करीमचा बंदा’ म्हणतो, मालक आधी आणि बंदा नंतर. अरबीत क्रम उलटा असतो, बंदा आधी आणि मालक नंतर. म्हणून एखाद्याला नुसते ‘अब्दुल’ म्हणणे म्हणजे ‘चा बंदा’ एवढेच म्हणून थांबणे. ऐकणाऱ्याने विचारायला हवे, अरे, कोणाचा?

आपल्या शेजाऱ्यांच्या नावांत हीच रचना सापडते. रामदास, हरिदास, देवीदास. रामदासला कोणी नुसते ‘दास’ अशी हाक मारत नाही, आणि त्याच्या दाखल्यावर मुलाचे नाव ‘दास’ व वडिलांचे नाव ‘राम’ असेही कोणी लिहीत नाही. कारण त्या नावाचे दोन तुकडे एकत्र आहेत हे लिहिणाऱ्याला कळते. आपल्या नावाचे ते त्याला कळत नाही. आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आपल्यालाही कळत नाही.

हे केवळ मुसलमानांचेच नाव आहे असेही नाही. अरब देशांतील ख्रिस्ती लोकांतही अब्दुल्लाह हे नाव आढळते, आणि ‘मसीहचा दास’ या अर्थाने अब्दुल मसीहसुद्धा. बायबलमधील ओबद्या या संदेष्ट्याचे हिब्रू नावही ‘परमेश्वराचा सेवक’ याच अर्थाचे आहे. अरबी आणि हिब्रू या बहिणी-बहिणी भाषा. दोघींनी एकच धागा जपला.

सज्जन, जगन्नाथ आणि अब्दुर्रहमान

दुसरा प्रश्न पुष्कळांना पडतो. कोणी अब्दुल करीम लिहितो, कोणी अब्दुस्सत्तार, कोणी अब्दुर्रहमान. खरे काय?

ज्यांनी शाळेत मराठी व्याकरण शिकले त्यांना हे सहज समजेल. सत् + जन याचे सज्जन होते, जगत् + नाथ याचे जगन्नाथ होते. पुढचे अक्षर मागच्या अक्षराला आपल्या रंगात रंगवते. अरबीतही तसेच आहे. तिच्या २८ अक्षरांपैकी १४ अक्षरांना ‘शम्सी’ म्हणजे सूर्याची अक्षरे म्हणतात आणि १४ अक्षरांना ‘कमरी’ म्हणजे चंद्राची. शम्सी अक्षर पुढे आले की ‘अल’मधला ‘ल’ त्याच्यात मिसळतो आणि ते अक्षर दुप्पट होते. म्हणून रहमानच्या आधी अब्दुर्रहमान, सत्तारच्या आधी अब्दुस्सत्तार, समदच्या आधी अब्दुस्समद, शकूरच्या आधी अब्दुश्शकूर. कमरी अक्षरासमोर ‘ल’ तसाच राहतो. अब्दुल अझीझ, अब्दुल कादिर, अब्दुल मजीद, अब्दुल हमीद.

अरबी लिपीत लिहिताना ‘ल’ सगळीकडे लिहिलाच जातो, फक्त उच्चारात बदलतो. म्हणून ‘अब्दुल रहमान’ लिहिणाऱ्याने मोठा गुन्हा केला असे नाही. पण देवनागरी ही उच्चाराप्रमाणे लिहिण्याची लिपी आहे. तिच्यात अब्दुर्रहमान असे लिहिले तर उच्चारही बरोबर राहतो आणि नावही तुटत नाही.

इथे आणखी एक गल्लत सांगून ठेवतो. ‘अब्दुल’ आणि ‘अबुल’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘अबुल’ म्हणजे ‘चा पिता’. स्वातंत्र्यानंतरचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद, आणि २००२ ते २००७ या काळातील राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम. दोघेही भारतरत्न. शाळेच्या भाषणांत मुले सर्रास ‘मौलाना अब्दुल कलाम आझाद’ म्हणतात. एका ‘द’ने पिता बंदा होतो. आपल्या मुलांना तरी हा फरक सांगावा.

रहमान कोण?

आता आमच्या घरातल्या नावाकडे येऊ.

इस्लामपूर्व अरबस्तानातही ‘अब्द’ची नावे होतीच. पण तो बंदा पुष्कळदा मूर्तींचा असे, नाहीतर सूर्याचा. अब्दुल उझ्झा, अब्द मनाफ, अब्द शम्स. अबू लहबचे खरे नाव अब्दुल उझ्झा होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आजोबांचे अब्दुल मुत्तलिब हे नाव तर गैरसमजातून पडले. त्यांचे नाव शैबा. काका मुत्तलिब त्यांना लहानपणी यसरिबहून मक्केत घेऊन आले, तेव्हा लोकांना वाटले, मुत्तलिबने नवा गुलाम आणला. लोक त्यांना ‘मुत्तलिबचा गुलाम’ म्हणू लागले आणि इतिहासात तेच नाव राहिले. लोकांनी चुकीने दिलेले नाव माणसाला कसे चिकटते, याचे हे जुने उदाहरण.

प्रेषितांनी (स.) बंद्याचे हे नाते एकाच मालकाशी जोडले. अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही आहेत, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ती सांगणारे सहाबी स्वतः अब्दुल्लाह, म्हणजे हजरत उमर (रजि.) यांचे पुत्र. प्रेषितांच्या (स.) वडिलांचे नाव अब्दुल्लाह, हजरत अबू बक्र (रजि.) यांचेही मूळ नाव अब्दुल्लाह. हिजरतीनंतर मुहाजिरांच्या घरी मदिनेत जे पहिले बाळ जन्मले, ते अब्दुल्लाह बिन झुबैर (रजि.). कुरआनच्या सूरह मरयममध्ये हजरत ईसा (अ.) पाळण्यातून बोलतात तेव्हा आपली पहिली ओळख अल्लाहचा बंदा अशीच देतात.

आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.). त्यांचे पूर्वीचे नाव अब्द अम्र. इस्लाम स्वीकारल्यावर ते अब्दुर्रहमान झाले. सहीह बुखारीत त्यांची एक हकीकत आहे, ती वाचताना आम्हाला चाचांची पिशवीच आठवली. मक्केतील उमय्या बिन खलफ, ज्याने हजरत बिलाल (रजि.) यांना छळले तोच, याच्याशी त्यांनी एक लेखी करार केला. मक्केत राहिलेल्या त्यांच्या मालमत्तेकडे उमय्याने पाहावे, आणि मदिनेत त्यांनी उमय्याच्या गोष्टींकडे. करारात त्यांनी आपले नाव लिहिले, अब्दुर्रहमान. उमय्या अडला. हा रहमान कोण ते मला माहीत नाही, तुझे जुने नाव लिही, म्हणाला. शेवटी कागदावर जुनेच नाव पडले.

सन ६ हिजरी, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये हुदैबियाच्या तहाच्या वेळी तेच घडले. मक्केच्या वतीने आलेले सुहैल बिन अम्र यांनी, तेव्हा ते मुसलमान झालेले नव्हते, ‘रहमान’ या शब्दाला हरकत घेतली आणि ‘अल्लाहचे प्रेषित’ या शब्दांनाही. हजरत अली (रजि.) यांना ते शब्द खोडवेनात. प्रेषितांनी (स.) ते स्वतः पुसले आणि कागदावर लिहिले गेले, मुहम्मद बिन अब्दुल्लाह. वडिलांच्या नावाने का होईना, बंदा आणि अल्लाह त्या कागदावर राहिलेच.

म्हणजे कागदावर नाव अडवले जाणे ही आजची गोष्ट नाही. ‘रहमान कोण?’ हा प्रश्नही नवा नाही. सूरह फुरकानच्या ६०व्या आयतीत मक्केच्या इनकार करणाऱ्यांचा हाच प्रश्न नोंदवला आहे. आणि पुढे तीनच आयतींनंतर, ६३व्या आयतीत, त्याचे उत्तर येते. रहमान कोण हे सांगताना तिथे रहमानचे बंदे कसे असतात ते सांगितले आहे. ते जमिनीवर नम्रपणे चालतात आणि अडाणी लोक तोंडाला लागले तर सलाम म्हणून पुढे जातात.

भाभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला या ठिकाणी सापडले. ‘अब्दुल’ म्हणून हिणवणाऱ्याला काय म्हणावे, हे त्या नावाच्या मालकाने चौदाशे वर्षांपूर्वीच शिकवून ठेवले आहे.

मोठी माणसे, तुटकी नावे

या नावाची माणसे कोण होती, हेही मुलांना सांगायला हवे. विनोदातला अब्दुल त्यांना मोबाईल सांगतोच आहे. खरा अब्दुल आपण सांगायचा.

१९६५च्या युद्धात खेमकरण भागात आपल्या जीपवरच्या तोफेने शत्रूचे रणगाडे उडवता उडवता शहीद झालेले परमवीर चक्र विजेते हवालदार अब्दुल हमीद. हमीद म्हणजे स्तुतीस पात्र. अहिंसेच्या वाटेने पठाणांना संघटित करणारे खान अब्दुल गफ्फार खान, ज्यांना १९८७ मध्ये भारतरत्न मिळाले. गफ्फार म्हणजे वारंवार क्षमा करणारा; बंदुकीची सवय असलेल्या लोकांना क्षमा शिकवणाऱ्या माणसाला याहून योग्य नाव कोणते असते? अकबराच्या दरबारातील अब्दुर्रहीम खान-ए-खानान, ज्यांच्या हिंदी दोह्यांतला ‘रहीम’ आजही शाळेत शिकवला जातो. आणि आपल्या मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याच्या या गवयाने मिरजेला घर केले. १९३७ मध्ये ते गेले आणि मिरजेतच दफन झाले. तिथल्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत आजही गाणे होते.

कोकणातल्या आंबेत गावचे बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. वर्तमानपत्रे त्यांना ‘ए. आर. अंतुले’ म्हणत. महाराष्ट्रात सहसा पहिले अक्षर स्वतःच्या नावाचे आणि दुसरे वडिलांच्या नावाचे असते. पण इथे ‘ए’ म्हणजे अब्दुल आणि ‘आर’ म्हणजे रहमान. एकाच नावाची दोन अक्षरे! राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे नावही तुटले, तिथे आमच्या शिपाई चाचांचे काय?

इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांची कथा याहून वेगळी नाही. त्यांचे स्वतःचे नाव जमाल. अब्दुन्नासिर हे त्यांच्या वडिलांचे. जगाने वडिलांच्या नावातला ‘अब्द’ गाळला आणि उरलेल्या अर्ध्या नावाने मुलाला ओळखले. उलट अमेरिकेचा बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार. त्याने १९७१ मध्ये हे नाव घेतले आणि अब्दुल व जब्बार यांच्यामध्ये एक छोटी जोडरेघ कायम ठेवली. त्या रेघेने त्याचे नाव जगभर शाबूत राहिले. जब्बारचा अर्थ सर्वसमर्थ असा सांगतात, पण त्या शब्दाच्या मुळाशी मोडलेले हाड सांधण्याचाही अर्थ आहे. बीजगणिताचे ‘अल्जेब्रा’ हे नाव त्याच मुळातून, अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावावरून आले. मोडलेले सांधणाऱ्याचा बंदा, आणि त्याचे नाव एका जोडरेघेने सांधलेले.

हाक कशी मारावी?

आमच्या दादी चाचांना ‘रहमान’ म्हणायच्या. मायेने म्हणायच्या, अल्लाह त्यांच्यावर रहम करो. पण उलमा सांगतात की अल्लाहची काही नावे फक्त त्याचीच आहेत. रहमान, खालिक, रज्जाक, कुद्दूस अशा नावांनी बंद्याला हाक मारू नये; आधी ‘अब्द’ हवाच. काही नावे मात्र माणसांसाठीही वापरता येतात. कुरआनमध्येच प्रेषितांना (स.) रऊफ आणि रहीम म्हटले आहे, आणि सूरह यूसुफमध्ये मिसरच्या अधिकाऱ्याला अझीझ. त्यामुळे अझीझभाई, करीमभाई, रहीमचाचा या हाका चालतील. अब्दुर्रज्जाकला मात्र ‘ए रज्जाक’ म्हणू नये.

म्हणजे दोन्ही बाजूंनी तोडणे वाईट. पुढचा भाग तोडला तर बंदा बेवारस होतो, मागचा तोडला तर बंद्याला मालकाचे नाव लागते.

चाचांच्या शाळेत एक नवे सर आले होते. ते “ए अब्दुल, पाणी आण” असे म्हणत. चाचा पाणी आणून देत. एके दिवशी पेला ठेवताना ते म्हणाले, “सर, पूर्ण नाव घेतलंत तर बरं वाटेल. अर्ध्या नावात आमच्या मालकाचं नाव सुटतं.” सर हसले आणि विसरून गेले असे चाचांना वाटले. पण दुसऱ्या दिवसापासून ते ‘अब्दुर्रहमानमामा’ म्हणू लागले. पुढे चाचींना शाळेचे पत्र हवे होते तेव्हा निवृत्त झालेले हेच सर स्वतः कार्यालयात गेले आणि तिन्ही कागदांवरचा माणूस एकच आहे, मी त्याला ओळखत होतो, असे लिहून दिले. आठ महिने अडलेले काम त्यानंतर मार्गी लागले.

नाव जगणे

आपण नाव निवडतो तेव्हा बहुधा ऐकायला कसे वाटते ते पाहतो. पण ‘अब्द’ने सुरू होणारे नाव माणसावर काही कर्जही टाकते. अब्दुस्सत्तारचा मालक लोकांचे दोष झाकतो. मग बंद्याने मोहल्ल्यात दुसऱ्याची उणीदुणी कशी काढावी? अब्दुर्रज्जाकचा मालक रोजी देतो. त्याने कामगाराची मजुरी कशी बुडवावी? अब्दुल हलीमने रागाला आवर घालावा. अब्दुल अद्लने बहिणीचा वारसा हक्क गिळू नये. आणि अब्दुर्रहमानने, निदान आपल्या घरातल्या माणसांशी, दयेने वागावे.

‘दास’ या शब्दाने कोणी खाली मान घालू नये. जो एकाचा बंदा झाला, तो बाकी सगळ्यांच्या गुलामीतून सुटला. चाचा मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांना पाणी देत. पण त्यांना कोणासमोर वाकलेले आम्ही पाहिले नाही. वाकत ते मुसल्ल्यावर.

कागदावर काय करावे?

ज्यांच्या घरी असे नाव आहे किंवा ठेवायचे आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून चार गोष्टी.

पहिली, नाव एका शब्दात लिहा. अब्दुर्रहमान, अब्दुलकरीम, अब्दुस्सत्तार. इंग्रजी रकान्यातही मध्ये जागा सोडू नका. जागा दिसली की लिहिणारा पुढचा तुकडा उचलून वडिलांच्या रकान्यात टाकतो. जन्म नोंदणीच्या अर्जापासूनच ही काळजी घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ प्रमाणे बाळाचे नाव ठरले नसेल तर जन्म नावाशिवायही नोंदवता येतो. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. म्हणून घाईत अर्धे नाव देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

दुसरी, आता रकाने वाढले आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचे नाव आले ही आनंदाची गोष्ट. पण बाळाचेच नाव दोन तुकड्यांत लिहिले तर ‘रहमान’ आईच्या रकान्यात जाऊन बसेल!

तिसरी, इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा. रहमान आणि रेहमान यांत एका अक्षराचा फरक असतो. पण त्यामुळे एका माणसाचे दोन होतात. घरातल्या प्रत्येकाचे नाव देवनागरीत आणि इंग्रजीत एका वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्ज त्या वहीत पाहून भरा.

चौथी, जुन्या कागदांत चूक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. प्रतिज्ञापत्र असो, राजपत्रातील नावबदलाची जाहिरात असो, ज्याचे नाव त्याच्या सहीने काम सोपे जाते. मागे राहिलेल्या बाईला त्याच नावाचे तुकडे गोळा करत दारोदार फिरावे लागते, हे आम्ही पाहिले आहे. आज रात्री जेवणानंतर घरातली कागदांची पिशवी एकदा उघडाच.

शेवटी

अकीक्याच्या आदल्या रात्री आम्ही हे सारे भाभीपुढे बोललो. हुदैबियाची गोष्ट, उमय्याची गोष्ट, सूरह फुरकानची आयत. ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे लोक हसतात ते अर्ध्या नावाला. पूर्ण नाव त्यांना माहीतच नाही.”

चाची म्हणाल्या, “त्यांना कसं माहीत असणार, बेटी? आपणच कधी पूर्ण सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी नोंदणीचा अर्ज भाभीनेच भरला. बाळाच्या रकान्यात एका शब्दात, मध्ये जागा न सोडता, अब्दुर्रहमान. खालच्या रकान्यात स्वतःचे नाव. त्याखाली बाळाच्या वडिलांचे. प्रत्येक माणूस आपापल्या जागी.

एका नातेवाइकाने विचारले, “एवढं लांब नाव? हाक काय मारणार?”

“पूर्ण,” चाची म्हणाल्या. “वेळ लागला तर लागू दे.”

उद्या हे बाळ शाळेत जाईल. कोणी खोडसाळ पोरगा त्याला ‘ए अब्दुल’ म्हणेलही. तेव्हा त्याने चिडू नये, लाजू नये. सलाम करावा आणि आपले पूर्ण नाव सांगावे. अब्दुल कोणाचा, याचे उत्तर त्यातच आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना आपापले नाव जगण्याची तौफीक देवो. आमीन.